भिंगरीची पाच कॉलेजं

निकाल लागला तेव्हा भिंगरीचं अभिनंदन करावं की समजूत घालावी, हेच कोणाला कळेना. शेजारच्या काकू तोंडभर हसू घेऊन दारात आल्या, आकडा ऐकला, आणि ते हसू ठेवावं की आवरावं या पेचात तशाच चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरे आहेत की गं!" संध्याकाळपर्यंत हे "बरे" इतक्या तोंडांतून आलं, की आई म्हणाली, "आता कोणी बरे म्हणालं, तर मी दार लावून घेईन."

वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा हा तिचा तिसरा निकाल. पहिल्या वेळी ती साफ दाराबाहेर राहिली. दुसऱ्या वेळी उंबऱ्याला पाय लागला, एवढंच. या वेळी दार उघडलं होतं, पण अंग चोरून कसंबसं आत शिरता येईल इतकंच. चौथ्यांदा बसायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. यंदा एखाद्या कॉलेजने घेतलं तर डॉक्टर, नाहीतर वडिलांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कायमची मास्तरीण, आणि त्यावर पुन्हा रडगाणं नाही. हे तिने आईला सांगितलं तेव्हा आई "बरं" म्हणाली होती, आणि मग दुपारभर एकच कपाट आवरत बसली होती.

तरी निकालाच्या दिवशी भिंगरी घरभर नाचत होती. कारण साधं होतं. या वेळी अर्ज करता येणार होता! मागच्या दोन्ही वेळी तेवढंही नशिबात नव्हतं. नियम असा, की उमेदवाराने कुठलीही पाच कॉलेजं निवडायची. कॉलेजं गुण बघणार, पटलं तर मुलाखतीला बोलावणार, आणि मग हो किंवा नाही. पाच म्हणजे पाचच. सहावं नाही, मागाहून बदल नाही. चुकीच्या पाच दारांवर टकटक केली, की तिच्यापुरता तो रस्ताच बंद.

भिंगरी हे अर्थात घरातलं नाव. रांगायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून पडलं, आणि चोविसाव्या वर्षीही ते काढून घ्यावं असं कोणाला वाटलं नाही. सकाळी ती अभ्यास करी आणि दुपारी गाडी शिकवी. स्कूलची गाडी एकच, छपरावर पाटी लावलेली. तिच्या डाव्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता, म्हणजे शिकणाऱ्याचा धीर सुटला तरी शिकवणाऱ्याला गाडी आवरता यावी. सकाळच्या तासांना त्या सीटवर बाबा बसत. सारा परिसर त्यांना "मास्तर" म्हणे. दुपारी तिथे भिंगरी बसे. फार घाबरणारी माणसं मुद्दाम दुपारची वेळ मागून घेत.

स्कूलचं ऑफिस म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. एक डुगडुगणारा बाक, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आईची फोनची खुर्ची, आणि एक पत्र्याचा फळा. फळ्यावर चौक रंगवलेला होता आणि त्यावर चुंबक लावलेल्या खेळण्यातल्या गाड्या. कोणी आधी जायचं, कोणी थांबायचं, हे बाबा त्या गाड्या सरकवून शिकवत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी रहदारी बाजूला सारली आणि एक लाल गाडी चौकाच्या मधोमध चिकटवली.

"हे घड्याळाचं कॉलेज," ते म्हणाले. "पहिलं नाव हे."

घड्याळाचं कॉलेज म्हणजे शहरातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं. त्याच्या मनोऱ्यावर घड्याळ होतं आणि त्याच्या फाटकातून आत जाताना माणसं उगाचच शर्ट नीट करत. बाबांनी तिथल्या कितीतरी डॉक्टरांना गाडी शिकवली होती, आणि त्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, "आमची मुलगी येणार आहे हां तुमच्याकडे."

"बाबा, तिथे गेल्या वर्षी सगळ्यात शेवटी घेतलेल्या मुलाचे गुण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होते."

"त्याला गाडी येत होती का?"

"त्याचा काय संबंध?"

"माणूस म्हणून बघतील ना तुला!"

"माणूस म्हणून बघायला आधी आत तर बोलावलं पाहिजे."

भिंगरीने बसून नीट काम केलं होतं. प्रत्येक कॉलेजने गेल्या वर्षी कसली मुलं घेतली, त्यांचे गुण कुठून कुठवर होते, हे तिने शोधलं. जिथे आपले गुण सगळ्यांच्या खाली जातात ती कॉलेजं सोडली. जिथे आपण गर्दीच्या मधोमध नाही तरी निदान शेपटाला लागतो, ती ठेवली.

"शेपटाला?" बाबा बाकावरून उठले, त्यामुळे बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला विद्यार्थी खाली गेला. "माझी मुलगी शेपटाला?"

"शेपूटही वाघाचंच असतं, मास्तर," खाली गेलेले गृहस्थ उठत म्हणाले.

हे गृहस्थ म्हणजे हवामानकाका, भिंगरीचे सगळ्यात जुने विद्यार्थी. वेधशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी शिकायला घेतली आणि ते शिकतच राहिले. सगळी नोकरी उद्याचं सांगण्यात गेल्यामुळे ते कशालाच सरळ हो किंवा नाही म्हणत नसत. चहा घेणार का विचारलं, की म्हणत, "शक्यता दाट आहे." आता ते फळ्यासमोर उभे राहिले आणि एकेका कॉलेजचा अंदाज सांगू लागले. समुद्राजवळचं कॉलेज अंशतः ढगाळ. टेकडीवरचं सकाळी धुकं, दुपारी उघडीप. स्टेशनमागचं स्वच्छ, पण वारा उलटा फिरू शकतो. जुळ्या इमारतींचं तुरळक ठिकाणी हलक्या सरी.

"आणि घड्याळाचं?" बाबांनी विचारलं.

काकांनी छताकडे पाहिलं. "मास्तर, तिथे आपण छत्री घेऊन जावं."

आईची परीक्षा वेगळीच होती. तिने प्रत्येक कॉलेजात फोन लावला. माहिती तिला नकोच होती. फोन कोण कसा उचलतं एवढंच ऐकायचं होतं. "टेकडीवाल्या बाई गोड आहेत," ती सांगे. "समुद्रवाला जेवत जेवत बोलला. पण घास गिळून बोलला हो, तेवढी रीत होती." चार कॉलेजं अशी गुणांवर, हवामानावर आणि घासावर पसंत झाली. पाचव्या जागेवर लाल गाडी ठाण मांडून बसली होती.

कॉलेज प्रत्यक्ष बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही, असं बाबांचं म्हणणं. पण गाडी दिवसभर विद्यार्थ्यांच्या हाती. मग भिंगरीनेच तोड काढली: दुपारचे तासच कॉलेजांकडे न्यायचे. विद्यार्थ्याला रस्त्याचा सराव आणि तिला कॉलेजचं दर्शन. बेकरीवाल्या ताईंनी तिला समुद्राजवळ नेलं आणि परतताना बजावलं, "हॉस्टेलच्या खिडक्या गंजल्यात, आतून पडदा लाव." पोस्टातल्या दादांनी टेकडीचा चढ पहिल्या गिअरमध्ये चढवला, वर पोचल्यावर पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "नळाला पाणी गार येतं. चांगलं कॉलेज आहे." आठवड्याभरात अख्ख्या स्कूलला भिंगरीच्या प्रवेशाची अशी चटक लागली, की क्लच कसा सोडायचा हे विचारायला कोणी येईना; आज कुठल्या कॉलेजला, हेच विचारत येत.

घड्याळाच्या कॉलेजची फेरी हवामानकाकांच्या वाट्याला आली. हवामानकाका उजवीकडे वळत नसत.

वळता येत नव्हतं असं नाही. पण उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांना आडवं जायचं, आणि ती वाहनं थांबतील याची खात्री काकांना कोणी देऊ शकत नव्हतं.

"काका, पुढच्या चौकात उजवीकडे. आरसा बघा, दिवा लावा."

"मॅडम, समोरून ट्रक येतोय." गाडीत ते तिला मॅडम म्हणत, गाडीबाहेर पोरी.

"तो गेल्यावर वळायचं."

"त्याच्यामागे आणखी एक असण्याची शक्यता आहे."

"नाहीये काका, मला दिसतंय ना."

"अजून दिसत नाहीये, इतकंच आपण म्हणू शकतो," काका म्हणाले, आणि शांतपणे डावीकडे वळले.

त्यांचा हिशेब असा, की तीन डावी वळणं घेतली की एक उजवं होतं. कागदावर तो बरोबर होता. पण त्या भागातले रस्ते कागदावर नव्हते; एक कालव्याला धरून वाकडा गेलेला, एक पुलाखाली शिरून भलतीकडेच निघालेला. घड्याळाचा मनोरा एकदा त्यांच्या पुढे दिसला, मग बाजूला, मग मागे, आणि मग दिसेनासाच झाला. भिंगरीला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू आवरेना तशी ती खिडकीबाहेर बघत बसली. शेवटी गाडी एका लांबलचक बैठ्या इमारतीच्या फाटकात शिरली आणि बरोबर मधोमध बंद पडली.

इमारतीच्या भिंतीवर दोऱ्याच्या रिळाचं एक भलंमोठं, रंग उडालेलं चित्र होतं. पूर्वी इथे दोऱ्याचा कारखाना होता. त्याच्याखाली नवी पाटी होती: वैद्यकीय महाविद्यालय. हे नाव भिंगरीने पाहिलं होतं, पण इतकं नवं, इतकं लांबचं कॉलेज म्हणून पुढे गेली होती.

अंगणात पोरं एकमेकांना बँडेज बांधत होती. मध्ये खुर्चीवर एक म्हातारबाबा दोन्ही हात, एक पाय आणि अर्धं डोकं गुंडाळून बसले होते.

"अरे, किती वेळा मोडणार माझा हात?" ते ओरडत होते. "मगाशी त्या पोरीने मोडला, आता तू मोडतोस. जरा दुसरं काही मोडा!"

"आजोबा, हलू नका ना, सुटतंय."

"सुटतंय कारण तुला बांधता येत नाहीये! कारखान्यात असं रीळ गुंडाळलं असतं, तर मुकादमाने हाकललं असतं मला."

पोरं खो-खो हसत होती, आणि बांधणाऱ्याने सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं. भिंगरी मान बाहेर काढून बघतच राहिली. तेवढ्यात पांढऱ्या कोटातल्या एक ठेंगण्या बाई तरातरा आल्या.

"गाडी काढा आधी. ॲम्ब्युलन्स यायचीय."

काकांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात मांडीवर घेतले. "मॅडम, गाडी सुरू होण्याची शक्यता..."

"काका, त्या बाईंकडे बघू नका," भिंगरी हळूच म्हणाली. "आजोबांकडे बघा. दोन्ही हात बांधलेत त्यांचे, तरी तोंड चाललंय की नाही? आपले तर दोन्ही मोकळे आहेत. क्लच दाबा. किल्ली फिरवा. आता अलगद सोडा."

गाडी सुरू झाली आणि गोगलगायीसारखी बाजूला लागली. बाई हाताची घडी घालून बघत होत्या.

"हे तुमचे वडील?"

"विद्यार्थी आहेत. आम्हाला घड्याळाच्या कॉलेजला जायचं होतं."

"ते तर पार उलट्या टोकाला!"

"हे उजवीकडे वळत नाहीत."

बाई हसल्या, आणि मग भिंगरीने मागचापुढचा विचार न करता आपले गुण सांगून टाकले. इथे या गुणांची मुलं घेता का, असं विचारलं. बाई इथे शरीररचना शिकवत. त्यांनी "बरे आहेत" म्हटलं नाही.

"कमी आहेत," त्या म्हणाल्या. "पण गेल्या वर्षी तुझ्याहून कमीचीही काही घेतली आम्ही, आणि जास्तीची काही सोडली. मोठ्या गुणांची येतात, वर्ष काढतात आणि मोठ्या कॉलेजात निघून जातात. आम्हाला टिकणारी मुलं हवीत. अर्ज कर. घेऊच असं मी म्हणत नाही."

परतताना भिंगरी इतकी बोलत होती, की काकांनी एक चौक पुरा तिरका ओलांडला तरी तिला कळलं नाही.

बाबांना रिळांच्या कॉलेजचं कळलं, आणि ते भडकले. "रिळं? लोक विचारतील मुलगी कुठे शिकते, तर मी काय सांगू, रिळांच्या कारखान्यात?"

"डॉक्टर झाल्यावर कोणी विचारत नाही बाबा."

"मी सांगतो ना, घड्याळवाले नाही म्हणणार नाहीत. तू चल माझ्याबरोबर."

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी ते तिला घेऊन गेले. गाडी स्वतः चालवली, शर्ट इस्त्रीचा घातला. बाबांच्या हाताखाली शिकलेले एक मोठे सर्जन तिथे होते. ते व्हरांड्यातच भेटले, आणि बाबांना बघून खरोखर खूश झाले.

"मास्तर! अहो, अजून रिव्हर्स घेताना तुमचाच आवाज येतो कानात. ही का आपली कन्या?"

बाबांनी छाती काढून गुण सांगितले.

"छान," सर्जन म्हणाले. "छान, छान. प्रयत्न करायला काहीच हरकत नाही." त्यांनी भिंगरीच्या खांद्यावर थोपटलं, मास्तरांचा हात हातात घेतला, आणि पुन्हा एकदा म्हणाले, "छान."

बाबा गाडीत येऊन बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. भिंगरीला वाटलं आता ते म्हणतील, बघ, म्हटलं नव्हतं? पण ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"ते 'छान' ओळखीचं आहे," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"लायसन्सच्या परीक्षेला एखादा निघतो. आपल्याला माहीत असतं, हा आज पडणार. मी त्याच्या खांद्यावर असंच थोपटतो आणि असंच म्हणतो, छान. छान, छान." त्यांनी किल्ली फिरवली. "त्यात वाईट काही नसतं गं. जीव असतो आपला त्याच्यावर, म्हणूनच म्हणतो. पण तो पडतोच."

दोन चौक मागे पडले. मग बाबा एकदम म्हणाले, "काय म्हणाल्या होत्या त्या ठेंगण्या बाई? कमी आहेत?"

"हो. तोंडावर."

"तोंडावर म्हणाल्या!" बाबांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "अगं, ज्याला शिकवायची इच्छा असते, तोच चूक दाखवतो. घाल रिळं. घड्याळ काढ!"

ऑफिसात आल्या आल्या त्यांनी लाल गाडी फळ्यावरून उपटली. आईने फोनवरच्या माणसाला "जरा थांबा हं" म्हणून टाळ्या वाजवल्या. फोनवरच्या माणसानेही, काही न समजता, वाजवल्या.

समुद्राने आणि जुळ्या इमारतींनी बोलावलंच नाही. स्टेशनमागच्यांनी कळवलं, की जागा भरल्या. टेकडीवरच्यांनी मुलाखत घेतली आणि गोड बाईंकडूनच गोड नकार पाठवला. भिंगरी दर वेळी थोडी मलूल होई, संध्याकाळपर्यंत पुन्हा फिरू लागे. पण आईने दुसरं कपाट आवरायला घेतलं होतं, ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. उरलं एकच कॉलेज.

रिळांच्या मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. ठेंगण्या बाई कडेला होत्या आणि ओळख दाखवत नव्हत्या. मध्ये बसलेल्या टक्कलवाल्या डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा का बसलात?"

"आमच्याकडे लायसन्सला चार-चार वेळा पडलेली माणसं आज झकास गाडी चालवतात, सर. पहिल्या फटक्यात पास झालेल्यांचं मात्र सांगता येत नाही."

"असं कसं?"

भिंगरीची जीभ सैल सुटली होती. "बाहेर ती निळी गाडी बघा ना, दोन गाड्यांची जागा अडवून तिरकी उभी आहे. ते नक्की पहिल्या फटक्यात पास झालेले."

टक्कलवाल्या डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"झालो होतो," ते म्हणाले.

ठेंगण्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. भिंगरीचे कान तापले. संपलं सगळं, असं तिला वाटलं. पण डॉक्टर खुर्चीत रेलून म्हणाले, "बरं. आता हे सांगा, घाबरलेल्या माणसाला तुम्ही काय सांगता?"

याचं उत्तर तिने तयार केलेलं नव्हतं.

"आधी काहीच सांगत नाही," ती म्हणाली. "माझा पाय ब्रेकवर आहे हे त्याला दिसेल, अशी बसते. ते दिसलं की तो स्वतःच श्वास घेतो. मग सांगितलेलं ऐकू येतं त्याला."

कोणी छान म्हटलं नाही. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

त्यानंतरची एक दुपार. बँकेचे एक पहारेकरी त्या दिवशीच स्कूलला आले होते. ताडमाड माणूस, भरघोस मिशा, आणि स्टिअरिंग असं धरलेलं, की जणू कोणी ते पळवून नेणार आहे. भिंगरी त्यांना अर्ध्या क्लचवर गाडी नुसती सरकवायला शिकवत होती. रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं त्यांना ओलांडून पुढे जात होती.

"मॅडम," पहारेकरी समोरची नजर न हलवता म्हणाले, "एक बाई आपल्या मागे धावतायत."

भिंगरीने आरशात पाहिलं. आई होती. फोनची खुर्ची सोडून कधी दाराबाहेर न पडणारी आई भर रस्त्यात, एका पायात चप्पल, हात हलवत धावत येत होती. ती गाडीपर्यंत पोचली, खिडकीशेजारून धावू लागली आणि काही बोलण्याआधीच गाडीच्या पुढे निघून गेली.

"आई! थांब! तू पुढे गेलीस!"

आई वळली आणि उलटी धावत आली. "घेतलं!" तिला धाप लागली होती. "फोन आला... मीच उचलला... बाई स्वतः बोलल्या... भिंगरे, तुला घेतलं गं रिळांनी!"

पहारेकऱ्यांना वाटलं कुठेतरी चोरी झाली. त्यांनी दचकून सगळं एकदम दाबलं. गाडीने उसळी मारली आणि भिंगरीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिला किंचाळायचं होतं, पण चालत्या गाडीत शिकवणाऱ्याने ओरडायचं नसतं.

"डावा दिवा लावा," ती म्हणाली. आवाज फक्त जरासा चिरकला. "बाजूला घ्या. सावकाश. गिअर काढा. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद. शाब्बास."

मग तिने दार उघडलं, आणि रस्ताभर ऐकू जाईल अशी किंकाळी फोडून आईच्या गळ्यात पडली. दोघी तिथल्या तिथे गरगर फिरू लागल्या. बाबा ऑफिसातून आईची दुसरी चप्पल हातात घेऊन धावत आले, आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "रिळांचं कॉलेज! ऐकलंय ना? नाही? अहो, कमालीचं कॉलेज आहे!" बेकरीवाल्या ताई दुकान उघडं टाकून आल्या. हवामानकाका कुठून उगवले कोण जाणे, त्यांना काही सुचेना, ते नुसतेच "हो! हो! हो!" म्हणत उभे होते.

गाडीत पहारेकरी ताठ बसून होते. हात अजून स्टिअरिंगवर घट्ट. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच खिडकीबाहेर तोंड काढलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आता सोडलं तर चालेल का?"